सरळ रेषेची हमी कोण देणार?

फोटोवरून मोजमाप करण्याचे प्रयोग आता शाळांत रुळू लागले आहेत. झाडाशेजारी मीटरपट्टी धरून एक विद्यार्थी उभा करायचा, फोटो काढायचा आणि संगणकाच्या पडद्यावर पट्टीची व झाडाची लांबी मोजून झाडाची उंची काढायची. किंवा पडणाऱ्या चेंडूचा व्हिडिओ घेऊन एकेका चौकटीतली त्याची जागा टिपायची आणि गुरुत्व त्वरण काढायचे. प्रयोग छान आहेत, खर्च जवळजवळ नाही. पण या सगळ्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते आपण विद्यार्थ्यांना सहसा सांगत नाही. फोटोच्या मध्यभागी एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात जेवढे अंतर, तेवढेच ते कडेलाही असते, असे आपण धरून चालतो.

कॅमेऱ्याच्या भिंगाला हे मान्य नसते. स्वस्त झूम लेन्सने, तिच्या सर्वात रुंद टोकाला काढलेल्या फोटोत कडेची सरळ भिंत पिंपाच्या पोटासारखी बाहेर फुगते. काही लेन्समध्ये उलट होते, रेषा मध्याकडे दबतात आणि चौकट उशीसारखी दिसते. हा दोष संगणकावर काढून टाकण्याची सोय डार्कटेबल आणि रॉथेरपी या दोन मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आहे. डार्कटेबलची सुरुवात २००९ मधली, तर रॉथेरपी २०१० पासून मुक्त परवान्याखाली आले. दोन्ही 'रॉ' फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर काम करतात आणि दोन्ही लेन्सच्या दुरुस्तीसाठी 'लेन्सफन' नावाच्या सामाईक कोशाचा आधार घेतात. फुकट आहेत, विंडोजवर आणि लिनक्सवर चालतात, तेव्हा शाळेच्या संगणकावर ती यायला हरकत नाही. जुन्या संगणकावर डार्कटेबल रडतखडत चालते, एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो.

या लेखात मला तपासायची आहे ती ही दुरुस्तीची सोय, आणि तीही मोजमाप करणाऱ्या शिक्षकाच्या नजरेने. माझे मत आधीच सांगतो. लेन्सफनने दुरुस्तीचे आकडे सर्वांसाठी उघडे ठेवले हे फार मोलाचे काम आहे. पण ते आकडे किती भरवशाचे आहेत हे सांगायला त्या कोशात ठरलेली जागाच ठेवलेली नाही. सुंदर फोटो हवा असणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही. आपले अडते.

वाकणे कोणते, आणि दोष कोणता?

सोलापूरजवळ होटगी जंक्शन आहे. सोलापूर-वाडी मार्गावरून विजयपूर-गदगकडे जाणारा फाटा इथे फुटतो. हा फाटा पूर्वी मीटर गेज होता, आता दोन्ही मार्ग ब्रॉडगेज आहेत, म्हणजे रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. फलाटाच्या टोकाला (रुळांवर न उतरता!) उभे राहून लांबवर पाहिले, तर दोन्ही रूळ दूर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात. फोटोतही तसेच येते. मुलांना विचारले की फोटोत काय चुकले आहे, तर बहुतेक जण हेच दाखवतील. पण यात भिंगाचा काही दोष नाही. हे यथार्थदर्शन आहे. शाळेत खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा करतो, त्यातही रूळ असेच मिळताना दिसतील. तिथे भिंगच नाही. सूचिछिद्र कॅमेरा समांतर रेषांना समांतर ठेवत नाही, पण सरळ रेषेला सरळ ठेवतो.

दोष दिसतो तो दुसरीकडे. फलाटाची कड चौकटीच्या खालच्या बाजूला जवळजवळ समांतर धरून फोटो काढा. मग त्या कडेच्या दोन टोकांना पडद्यावर पट्टी लावा. मध्ये फट दिसली तर ती भिंगाने आणलेली. अर्थात फलाटाची कड मुळात सरळ असेल तरच. वळणावरचा फलाट वाकलेलाच बांधतात. विजेच्या इंजिनासाठी वर ताणलेली तारही या कामाला घेऊ नये. इंजिनाच्या पट्टीवर एकाच जागी घासून खाच पडू नये म्हणून ती मुद्दाम नागमोडी बसवलेली असते. सरळ रेषा शोधायला निघालो की जगात त्या किती कमी आहेत हे कळते.

हे वाकणे का घडते? सूचिछिद्रातून किरण न वळता जातो. लेन्समध्ये अनेक भिंगे आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एक छिद्रपट असतो. हा छिद्रपट मागे-पुढे असण्यानुसार कडेचे किरण भिंगाच्या वेगळ्या भागातून जातात आणि कडेचे आवर्धन मध्यापेक्षा थोडे कमी किंवा जास्त होते. कमी झाले तर पिंप, जास्त झाले तर उशी. भिंग गोल असल्यामुळे हा फरक सर्व दिशांना सारखा असावा अशी अपेक्षा असते. म्हणजे बिंदू मध्यापासून किती दूर आहे, एवढ्यावरच तो अवलंबून.

इथे आपले बीजगणित कामाला येते. जर्मनीतले प्राध्यापक हेल्मुट डेर्श यांनी १९९८ च्या सुमारास 'पॅनोरमा टूल्स' ही आज्ञावली लिहिली. त्यात वापरलेले बहुपदीचे सूत्र लेन्सफनमध्येही आहे. बिंदूचे मध्यापासूनचे खरे अंतर 'र' असेल, तर वाकलेल्या फोटोतले अंतर असे:

र × (अ र³ + ब र² + क र + १ − अ − ब − क)

इथे चौकटीच्या लहान बाजूची अर्धी लांबी म्हणजे १ असे एकक धरलेले आहे. लेन्सच्या प्रत्येक नाभीअंतरासाठी अ, ब, क हे तीन आकडे. 'प्रोफाइल' म्हणतात त्यात वाकण्यापुरते एवढेच असते. त्याशिवाय कडेच्या अंधारासाठी तीन आकडे आणि लाल-निळ्या रंगांच्या प्रतिमा किंचित लहानमोठ्या पडतात त्यासाठी काही आकडे.

समजा अ आणि क शून्य आहेत आणि ब = −०.०२. आकडा किती क्षुल्लक वाटतो! आता ६००० × ४००० बिंदूंचा फोटो घ्या. त्याची अर्धी उंची २००० बिंदू, तेच आपले एकक. वरच्या कडेला असलेल्या एका आडव्या सरळ रेषेचा मधला बिंदू र = १ वर आहे. सूत्रात १ घातला की १ च येतो, म्हणजे तो जागेवर राहिला. त्याच रेषेचे टोक कोपऱ्यात आहे. तिथे र² = १ + २.२५ = ३.२५. कंसाची किंमत १.०२ − ०.०६५ = ०.९५५. म्हणजे टोक साडेचार टक्के आत आले आणि रेषा तिथे ९० बिंदूंनी खाली झुकली. ९० बिंदूंची फट पडद्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसते.

चेंडूच्या प्रयोगात काय होईल? याच सूत्राचे विकलन केले तर त्रिज्येच्या दिशेने मध्याजवळचे प्रमाण १.०२ येते आणि वरच्या कडेजवळचे ०.९६. चेंडू चौकटीच्या वरच्या कडेपासून, मधोमध सोडला, मोजपट्टी म्हणून एक छोटी पट्टी चौकटीच्या मध्यावर ठेवली, आणि पहिल्या काही क्षणांच्या जागांवरून त्वरण काढले, तर ९.८ ऐवजी उत्तर ९.२ च्या आसपास येईल. मुलगा म्हणेल, हवेचा रोध. शिक्षकही म्हणतील, हवेचा रोध. प्रयोगवहीत तसे लिहिले जाईल आणि गुण मिळतील.

उघडे आकडे

आता कोशाकडे वळू. लेन्सफनच्या फाइली साध्या मजकुराच्या आहेत. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. कॅनन किंवा निकॉनची १८-५५ ही लेन्स, जी आपल्याकडे पहिल्या कॅमेऱ्याबरोबर घरोघर आली, तिची नोंद सापडेल. १८ मिलिमीटरसमोर तीन आकडे, पुढच्या नाभीअंतरासमोर आणखी तीन. विद्यार्थ्यांना बसवून ते आकडे वरच्या सूत्रात घालायला सांगावे. बहुपदी कशासाठी शिकायच्या, या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. कॅमेऱ्याच्या आत कंपनीने बसवलेली दुरुस्ती अशी उघडून पाहता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यावर मोजलेले आकडे लेन्सफन लहान संवेदकाच्या कॅमेऱ्याला वापरू देते, पण लहानावर मोजलेले मोठ्याला लावत नाही. कारण उघड आहे. मोठ्या संवेदकाचे कोपरे लहानाने कधी पाहिलेच नव्हते. आणि बहुपदी ही मोजलेल्या टापूच्या बाहेर कुठेही भरकटू शकते. जिथे मोजले नाही तिथे बोलायचे नाही, हा संयम अनेक शोधनिबंधांतही आढळत नाही.

म्हणूनच बाकीच्या बाबतीतली ढिलाई खटकते. ते तीन आकडे आले कुठून? कोणा हौशी स्वयंसेवकाने आपली लेन्स घेऊन खिडक्यांच्या सरळ ओळी असलेल्या एखाद्या दूरच्या इमारतीचे फोटो काढले, संगणकाकडून त्या ओळी सरळ करून घेतल्या, आणि त्यातून अ, ब, क मिळाले. त्याचे आभारच मानायला हवेत. पण त्या ओळी सरळ केल्यावरही किती बिंदूंचे वाकणे उरले होते? किती फोटोंवरून आकडे काढले? लेन्सचा एकच नमुना होता की अनेक? एखाद्या नोंदीत त्याने टिपण म्हणून काही लिहिले असेलही, पण यासाठी ठरलेला रकाना नाही. तीन आकडे पाच-सहा दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात, आणि त्यांतली किती स्थळे खरी हे मात्र कळत नाही. दहावीच्या मुलाने त्रुटी न लिहिता असे उत्तर दिले तर आपण गुण कापतो.

नमुन्यांचा प्रश्न कल्पनेतला नाही. झूम लेन्समध्ये भिंगांचे गट एकमेकांवर सरकतात. एखादा गट केसभर बाजूला बसला, की वाकणे सर्व दिशांना सारखे राहत नाही. कॉनरॅडी यांनी १९१९ मध्येच अशा केंद्र सरकलेल्या भिंगांचे गणित मांडले होते. लेन्सफनच्या सूत्रात दिशेला स्थान नाही. फार तर सबंध लेन्सचे केंद्र थोडे हलवण्याची सोय आहे. आणि केंद्र सरकणे हा एका नमुन्याचा दोष आहे. तो दुसऱ्याच्या लेन्सवरून कसा कळणार?

शाळेच्या दृष्टीने याहून मोठी अडचण अंतराची आहे. लेन्स जवळच्या वस्तूवर केंद्रित केली की तिचे वाकणे बदलते. लेन्सफनमध्ये कडेच्या अंधाराची नोंद करताना नाभीअंतर, छिद्रपट आणि वस्तूचे अंतर असे तिन्ही विचारात घेतले आहे. पण रेषांच्या वाकण्याची नोंद अंतरानुसार नाही. दूरच्या इमारतीवर मोजलेले आकडे आपण टेबलावर, मीटरभर अंतरावर ठेवलेल्या लंबकाच्या फोटोला लावतो. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. डार्कटेबलच्या चौकटीत कोणकोणत्या दुरुस्त्या झाल्या एवढे लिहून येते, आणि वाचणाऱ्याला वाटते काम फत्ते.

मधल्या नाभीअंतरांचेही तसेच. १८ आणि २४ ला मोजले असेल आणि तुमचा फोटो २१ चा असेल, तर मधला आकडा अंतर्वेशनाने काढला जातो. यात गैर काही नाही, आपण लॉग टेबलात हेच करत होतो. पण हा आकडा मोजलेला आहे की काढलेला, हे वापरणाऱ्याला पडद्यावर दिसायला हवे. आणि फाइलीतली लेन्सची ओळख चुकीची वाचली गेली, तर भलत्याच लेन्सचे आकडे लागतात आणि रेषा उलट्या बाजूला वाकतात. तेव्हा यादीत दिसणारे लेन्सचे नाव आपल्याच लेन्सचे आहे ना, हे आधी पाहावे.

अलीकडे बरेच कॅमेरे दुरुस्तीचे आकडे रॉ फाइलीतच लिहून ठेवतात आणि डार्कटेबल, रॉथेरपी ते वाचू शकतात. यादीत नाव शोधण्याची कटकट वाचते. मला मात्र हे मागे गेल्यासारखे वाटते. लेन्सफनचे आकडे निदान कोणीतरी बाहेरच्या माणसाने मोजलेले आहेत. हे तर विकणाऱ्यानेच दिलेले, आणि तपासायचे कसे ते सांगितलेले नाही.

ज्यांचे पोट मोजमापावर आहे

जे लोक फोटोवरून मोजमाप हा धंदा म्हणून करतात, ते काय करतात? महाराष्ट्रात गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली ती पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावातल्या प्रयोगापासून. पुढे २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. गावकऱ्यांनी चुन्याने हद्दी आखायच्या, वरून भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन फोटो घेणार, आणि त्यावरून घराची मिळकत पत्रिका तयार होणार. इथे भिंगाने भिंत वाकवली तर शेजाऱ्यांत भांडण लागेल. अशा कामात लेन्सचे तयार आकडे अंतिम मानण्याची पद्धत नाही. ड्रोनचे फोटो एकमेकांवर बरेच चढवून घेतात. त्यामुळे एकाच घराचा एकच कोपरा एका फोटोत मध्यावर, दुसऱ्यात कडेला, तिसऱ्यात कोपऱ्यात येतो. कोपरा तर एकच आहे. मग सगळ्या फोटोंत तो जुळेल असे लेन्सचे आकडे त्याच उड्डाणाच्या फोटोंतून काढता येतात. जमिनीवर स्वतंत्रपणे मोजलेले काही बिंदू असतात, त्यांवर निकाल पारखला जातो. आणि हे करणारे मुक्त सॉफ्टवेअरही आहे, 'ओपनड्रोनमॅप'. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरला हे जमत नाही, असे म्हणायला वाव नाही.

खगोलशास्त्रज्ञांचे तेच. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. अशा दुर्बिणीवर काम करणारे संध्याकाळच्या एकसारख्या उजळ आकाशाचे फोटो घेतात आणि रात्रीच्या ताऱ्यांच्या फोटोंना त्यांनी भागतात. त्यामुळे कडेचा अंधार आणि संवेदकाची असमानता एकदम निघून जाते. छापील आकड्यांवर कोणी विसंबत नाही. दुर्बीण आज कशी आहे ते आजच मोजायचे. आपल्या कॅमेऱ्यालाही हे करता येते. लेन्सवर पांढरा, अर्धपारदर्शक प्लास्टिकचा कागद धरून एकसारख्या प्रकाशात फोटो घ्यायचा. कोपरे किती काळवंडतात ते लगेच दिसते. केवळ तिरप्या प्रकाशाच्या नियमानेच, अक्षाशी ३० अंशांवर प्रकाश ५६ टक्के उरतो. तो उजळ करताना तिथला खरखरीतपणाही त्याच पटीत वाढतो, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

रेषांसाठी उपाय त्याहून सोपा आहे. अमेरिकेतले दुआन ब्राउन यांनी १९७१ मध्ये जवळून फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्यांची पारख करण्याची रीत मांडली. त्यांनी सरळ रेषा म्हणून काय घेतले? ओळंबे. तोच, जो प्रत्येक गवंड्याच्या पिशवीत असतो. भिंत वाकडी असेल, फलाट वळणावर असेल, पण वजन बांधून लोंबणारी दोरी गुरुत्वाने सरळच राहते. तिच्या सरळपणाला कोणाचे प्रमाणपत्र लागत नाही.

शाळेच्या व्हरांड्यात वाशाला सात-आठ पांढरे दोरे हातभर अंतराने बांधावे. मागे गडद कापड. खाली वजने पाण्याच्या बादल्यांत बुडवून ठेवली की दोरे हलायचे थांबतात. पुढच्या प्रयोगात वस्तू जेवढ्या अंतरावर ठेवणार, तेवढ्याच अंतरावरून आणि त्याच नाभीअंतराने फोटो घ्यावा. सगळ्यात कडेच्या दोऱ्याची दोन टोके सरळ रेषेने जोडावी आणि मधली फट बिंदूंत मोजावी. एकदा दुरुस्ती न करता, एकदा लेन्सफनचे प्रोफाइल लावून. पहिली फट लेन्सची आणि दुसरी प्रोफाइलची. ही दुसरी संख्या म्हणजेच कोशात नसलेला रकाना. तो आपण भरला. फट फारच उरली, तर त्याच फोटोवरून 'ह्युजिन' या मुक्त सॉफ्टवेअरच्या साहाय्याने स्वतःचे अ, ब, क काढून लेन्सफनच्या फाइलीत घालता येतात. काम कटकटीचे आहे, कारण डार्कटेबलच्या खिडकीतून ते आकडे बदलता येत नाहीत, फाइल हाताने लिहावी लागते. हा माझा आणखी एक आक्षेप.

फोनचा कॅमेरा असेल तर बहुधा कोणतेही प्रोफाइल लावू नये. फोनने फोटो देण्यापूर्वीच आतल्या आत दुरुस्ती केलेली असते, पुन्हा केली तर बिघडेल. ओळंब्यांची परीक्षा मात्र फोनचीही घ्यावी. व्हिडिओ घेताना हात हलण्याची भरपाई करणारी सोय बंद करावी. ती प्रत्येक चौकट वेगळी सरकवते, आणि मग चेंडूबरोबर मोजपट्टीही चालू लागते.

लेन्सफन चालवणाऱ्यांकडे माझी मागणी दोन रकान्यांची आहे. दुरुस्तीनंतर उरलेली फट आणि मोजताना असलेले अंतर. नोंदी पाठवण्याचा मार्ग सर्वांना मोकळा आहे, म्हणजे एखाद्या शाळेने आपल्या लेन्सची नोंद पाठवली तर तीही विचारात घेतली जाईल. पाठवताना ही दोन माहितीची वाक्ये टिपण म्हणून जोडावी. रकाना होईल तेव्हा होवो.